हारून, बाबा आणि गोष्टींचा समुद्र

गेल्या काही महिन्यांत ऑफिसातल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "अरे, घरात सगळ्यांनी मिळून वाचता येईल असं एखादं पुस्तक सांग ना. पोरगं मोबाईल सोडत नाही." वास्तविक माझं अजून लग्न झालेलं नाही, त्यामुळे पोरांच्या बाबतीत माझा अनुभव शून्य. पण झालं असं, की एका शुक्रवारी मॅनेजरनं विचारलं, "उद्या रात्री नऊला डिप्लॉयमेंट आहे, कोण कोण आहे?" आणि मी भर मीटिंगमध्ये बोलून गेलो, "नऊला नको, साडेदहाला घेऊ. नऊ ते दहा मला भाच्याला पुस्तक वाचून दाखवायचंय." क्षणभर सगळे म्यूट. मग क्लायंटकडच्या बाईच म्हणाल्या, साडेदहा चालेल. तेव्हापासून मी टीममधला अधिकृत बालसाहित्यतज्ज्ञ आहे.

तर मंडळी, चौघांना चार वेळा सांगण्यापेक्षा एकदाच बैजवार लिहितो. यात पुस्तकाबरोबर थोडं घरचंही येणार आहे, कारण या पुस्तकाशी माझी एक जुनी उधारी होती. त्याबद्दल पुढे.

पुस्तकाचं नाव 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज'. लेखक सलमान रश्दी. साल १९९०. बारा प्रकरणं, दोनशेच्या आसपास पानं.

रश्दी म्हटल्यावर दचकू नका. कॉलेजात असताना इंप्रेशन मारायला 'मिडनाइट्स चिल्ड्रन' हातात घेऊन चाळिसाव्या पानावर गळपटलेल्यांपैकी मीही एक आहे. हे पुस्तक तसं नाही. हे मुलांसाठी लिहिलेलं साहस आहे. त्यात उडणारा यांत्रिक पक्षी आहे, जलजिन आहे, राक्षसाच्या जागी एक कारकुनी थाटाचा खलनायक आहे, आणि गोष्ट पहिल्या पानापासून पळते.

गोष्ट थोडक्यात अशी. एक शहर असतं, इतकं उदास, की ते स्वतःचं नावच विसरून गेलंय. तिथं रशीद खलिफा नावाचा गोष्टी सांगणारा राहतो. त्याच्या जिभेवर अशी काही जादू, की निवडणुका आल्या की पुढारी त्याला सभेला गर्दी जमवायला बोलावतात. कारण पुढाऱ्यांच्या बोलण्यावर कुणाचाच विश्वास नसतो, आणि रशीदवर मात्र सगळ्यांचा असतो, कारण आपण सांगतो ते सगळं बनवलेलं आहे हे तो आधीच कबूल करतो! (इथं ताई इतकी हसली, की मला वाचणं थांबवावं लागलं.)

या रशीदची बायको सोरया एक दिवस घर सोडून जाते. वरच्या मजल्यावरच्या, महापालिकेत कारकून असलेल्या सेनगुप्ता नावाच्या एका रुक्ष माणसाबरोबर. या सेनगुप्तांचं एक लाडकं म्हणणं असतं, की जे खरंच नाही असल्या गोष्टींचा माणसाला काय उपयोग. आई गेल्यावर चिडलेला, रडवेला हारून तोच प्रश्न जसाच्या तसा आपल्या बापाच्या तोंडावर फेकतो. आणि रशीद खलिफाची गोष्टींची धार आटते. पुढच्याच सभेत स्टेजवर उभं राहून तो तोंड उघडतो, आणि घशातून कावळ्यासारखा आवाज फक्त बाहेर पडतो.

पुढचं सगळं पुस्तक म्हणजे मुलानं आपल्या हातून झालेली ही चूक दुरुस्त करायला केलेला प्रवास.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल असा भाग. रशीदला गोष्टी सुचतात त्या डोक्यातून नाही, नळातून! कहाणी नावाचा पृथ्वीचा दुसरा चंद्र असतो, आपल्याला न दिसणारा. त्याच्यावर गोष्टींचा अख्खा समुद्र. तिथून गोष्टसांग्यांना अदृश्य नळानं पाणी पुरवतात, आणि त्यासाठी रीतसर वर्गणी असते. रशीद वर्गणी बंद करतो, म्हणून रात्री इफ नावाचा जलजिन कनेक्शन तोडायला येतो. हारून त्याचं हत्यार पळवतो आणि म्हणतो, कनेक्शन चालू ठेवा. इफ म्हणतो, ते माझ्या हातात नाही, हेड ऑफिसला जावं लागेल. ज्यानं कुणी कधी ब्रॉडबँडच्या कस्टमर केअरला फोन लावलाय, त्याला या प्रकरणाचं वेगळं रसग्रहण करून द्यायची गरज नाही. आणि हे सगळं चालतं कसं, असं विचारलं की तिथले लोक एकच उत्तर देतात : पी-टू-सी-टू-ई. म्हणजे, समजावून सांगायला फार किचकट असलेली प्रक्रिया. माझ्या मागच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन मी याच तत्त्वावर केलं होतं.

त्या चंद्राचे दोन भाग. एकीकडे गुप, तिथं कायम उजेड आणि कायम बडबड. दुसरीकडे चुप, तिथं कायम अंधार आणि शांतता. चुपचा सर्वेसर्वा खत्तम-शुद. तो गोष्टींच्या समुद्रात विष कालवतोय. का? तर प्रत्येक गोष्टीच्या आत एक जग असतं आणि त्या जगावर त्याची सत्ता चालत नाही, हे त्याला सहन होत नाही.

नावं बघितलीत? गुप, चुप, कहाणी, खत्तम-शुद, सेनापती किताब, राजपुत्र बोलो, राजकन्या बातचीत. पुस्तकाच्या शेवटी या नावांचे अर्थ सांगणारी एक यादी आहे, इंग्रजी वाचकांसाठी. आपल्या पोरांना तिची गरजच लागत नाही. ओम, म्हणजे माझा भाचा, वय वर्षं नऊ, इंग्रजी माध्यमात तिसरीत. इंग्रजी पुस्तकात त्याला पहिल्यांदाच वाटलं, की लेखक आपल्याशी कोडवर्डमध्ये बोलतोय आणि तो कोड आपल्याला येतो. गुपी आणि बाघा नावाचे दोन मासे येतात, तेव्हा मी त्याला सांगितलं, की हा सत्यजित राय यांच्या १९६९ सालच्या 'गुपी गाइन बाघा बाइन' या सिनेमाला केलेला नमस्कार आहे. मग एका रविवारी तोही सिनेमा झाला. एका पुस्तकात दोन गोष्टी फुकट.

आता हे पुस्तक लिहिलं कधी, ते बघू. १९८८ साली रश्दींचं 'द सॅटॅनिक व्हर्सेस' आलं. १४ फेब्रुवारी १९८९ ला इराणच्या खोमेनींनी त्यांना मारण्याचा फतवा काढला. त्या वादात आज आपल्याला शिरायचं नाही. पण त्यानंतर हा माणूस ब्रिटिश पोलिसांच्या पहाऱ्यात, पत्ते बदलत, लपून राहत होता. आणि त्या काळात त्यानं पहिली कादंबरी पूर्ण केली ती ही, आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी. अर्पणपत्रिकेतल्या ओळींची पहिली अक्षरं जोडली की त्या मुलाचं नाव तयार होतं : जफर. बाप लपलेला, मुलगा लांब, आणि मधे ही गोष्ट. गोष्टसांग्याची वाचा जाणं म्हणजे काय, ते या माणसाला कल्पनेनं रंगवावं लागलं नसणार. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत भर व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, एक डोळा गेला. तरी २०२४ मध्ये त्यावरही पुस्तक लिहून मोकळा झाला बाबा.

आणि तो गोष्टींचा समुद्र? तो तर आपलाच. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं 'कथासरित्सागर' लिहिला, नावातच समुद्र आहे. सोमदेव म्हणतो, माझ्या गोष्टी मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तल्या. या गुणाढ्याची दंतकथा मराठी माणसाला ठाऊक हवी, कारण ती घडते सातवाहन राजाच्या दरबारात. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. गुणाढ्यानं सात लाख श्लोकांचा ग्रंथ लिहिला, पण पैशाची भाषेत. राजानं तो धुडकावला, ही कसली भाषा म्हणून. गुणाढ्य रानात गेला, आग पेटवली आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली. राजाला कळलं, तो धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. वाचला एक लाख.

ही दंतकथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या राजाचा राग आला नाही. कारण तो राजा मी ओळखत होतो.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यात. मी लहान असताना तिकिटाची मशिन्स आलेली नव्हती. पत्र्याची पेटी, तिकिटांच्या गड्ड्या आणि तो टिकटिकणारा पंच. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना मुक्कामी गाडीची ड्युटी असायची. संध्याकाळी डोंगरातल्या शेवटच्या गावी जायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत. दुसऱ्या रात्री ते घरी असले की मी आणि ताई दोन्ही बाजूंना, आणि मधे बाबा. सुरुवात ठरलेली. गाडी शेवटच्या स्टॉपला येते. सगळी माणसं उतरतात. बाबा टॉर्च मारून बघतात, तर मागच्या सीटवर एक म्हातारा बसलेला. "आजोबा, उतरा. शेवटचा स्टॉप." तर म्हातारा मुठीतलं तिकीट दाखवतो. तिकीट पुढच्या स्टॉपचं असतं.

शेवटच्या स्टॉपच्या पुढचा स्टॉप! आता तिकीट घेतलंय म्हटल्यावर पॅसेंजरला सोडायला हवं. बाबा डबल बेल देणार, ड्रायव्हर शिंदेकाका कुरकुरत गाडी काढणार, आणि दर वेळी पुढे वेगळंच गाव निघणार. एका गावात विहिरीतून पाण्याऐवजी आवाज यायचे, बायका घागरी भरभरून गाणी न्यायच्या. एका गावात घड्याळं उलटी चालायची, म्हणून म्हातारेकोतारे दप्तर घेऊन शाळेत जायचे. एका गावी उतारा इतका, की भाकरीसुद्धा ताटातून घरंगळत शेजाऱ्याकडे जायची, म्हणून तिथं भांडणं नव्हती. मी तिसरीपर्यंत शिंदेकाका भेटले की त्यांना गावाचं नाव विचारायचो. तेही बिचारे मान हलवून म्हणायचे, "लई लांब हाय ते."

मग मी बारावीला गेलो. क्लास, टेस्ट सिरीज, पर्सेंटाइल. दोन मित्र घरी अभ्यासाला आले होते. बाबा ड्युटीवरून आले, खाकी अंगावरच, मूडमध्ये होते. "काय रे पोरांनो, काल मुक्कामी गाडीत तो म्हातारा परत..." मित्र हसले. वाईट नाही, सहज हसले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बाबा, पुरे. असल्या खोट्या गोष्टींनी मार्क मिळणारेत का?"

बाबांनी छातीवरचा बिल्ला काढला, खिळ्याला अडकवला. "खरंय," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. बस्स. रागावले नाहीत, बोलणं सोडलं नाही. फी भरली, हॉस्टेलला सोडायला आले. फक्त तो म्हातारा पुन्हा कधी गाडीत चढला नाही.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'हारून' सापडलं. कव्हर फाटकं, ऐंशी रुपये. रात्री हॉस्टेलवर वाचायला घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात हारूननं बापाला तो प्रश्न विचारला. मी पुस्तक मिटलं. घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "जेवलास का?" "हो." "बरं, आईकडे देतो." माझी हिंमत एवढीच. सॉरी म्हणायचं तर कशाबद्दल, हेच मला वाक्यात मांडता येईना. पुस्तक मात्र त्या रात्री पुरं केलं.

बाबा तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आता आई-बाबा पुण्यात माझ्याकडेच असतात. आईनं सोसायटीत महिनाभरात मैत्रिणी जमवल्या. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या बसेस बघत बसतात. कुठली किती मिनिटं लेट आहे, ते त्यांना पाठ. बोलतात कमी. ताई दहा मिनिटांवर राहते. दाजी आठ महिन्यांपासून ऑनसाईट, जर्मनीत. त्यामुळे शनिवारी ताई आणि ओम मुक्कामाला आमच्याकडे. ओमच्या हातातला टॅब काढून घ्यायची मोहीम ताईनं माझ्यावर सोपवली, आणि मी ते फाटकं पुस्तक बाहेर काढलं.

खरं सांगू? घाबरलो होतो. बाप लांब असलेल्या पोराला, आई घर सोडून जाते अशा गोष्टीनं सुरुवात करायची? ताईला आधी विचारलं. ती म्हणाली, "वाच. नाहीतरी तो रोज रात्री मनात काहीतरी जुळवतच असतो." पहिलं प्रकरण संपल्यावर ओमनं एकच प्रश्न विचारला, "हारूनची आई परत येते का?" मी म्हणालो, पुढच्या शनिवारी बघू. त्यानं टॅब मागितला नाही. तो प्रश्न घेऊन झोपला.

मी इंग्रजीतून बघत बघत मराठीत सांगायचो. दुसऱ्या प्रकरणात रशीद आणि हारून एका बस डेपोवर येतात. तिथली झुंबड, आरडाओरडा, मग बट्ट नावाच्या ड्रायव्हरनं घाटातून बेफाम हाणलेली गाडी, का तर बोगद्यापलीकडचा सूर्यास्त या बापलेकाला बघायला मिळावा. रस्त्याच्या कडेला यमक जुळवून लिहिलेल्या धोक्याच्या पाट्या. मी रंगात येऊन वाचत होतो, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"घाटात अशी गाडी हाणली असती तर दुसऱ्या दिवशी चार्जशीट हातात."

सगळे गप्प. मी वळलो नाही. वाचत राहिलो. ओम मात्र उठून गेला, "आजोबा, तुमची गाडी किती स्पीडनं जायची?" बाबांनी पसरणी घाटाच्या वळणांचं काहीतरी सांगितलं. पुढच्या शनिवारी खुर्ची गॅलरीतून उंबऱ्यावर आली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आत.

मग वाटण्याच झाल्या. ताई ब्लॅबरमाऊथ. ही पुस्तकातली सगळ्यात झकास मुलगी, मुलाचा वेश करून सैन्यात शिरलेली. आई सेनगुप्तांची बायको. बाबांनी बट्ट ड्रायव्हरचे संवाद घेतले, कंडक्टरनं ड्रायव्हरचं काम करणं नियमात बसत नाही अशी तक्रार करून. आणि मी पाणी प्यायला थांबलो, की बाबा खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. जाऊ द्या पुढे.

पुस्तकात लढाईच्या आधी एक गंमत आहे. गुपचं सैन्य म्हणजे नुसता वादविवाद. सेनापतीच्या हुकमावरही साधा शिपाई शंका काढतो. हारूनला वाटतं, हे काय लढणार? पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा, सगळं बोलून झालेलं असल्यामुळे, ते एकमेकांना सोडत नाहीत. चुपचं सैन्य मात्र एकमेकांपासून लपवून लपवून आतून पोखरलेलं असतं. हे वाचताना आईनं माझ्याकडे बघितलं की मला तसं वाटलं, माहीत नाही.

पण रश्दी एवढ्यावर थांबत नाहीत, म्हणून मला हे पुस्तक मोठं वाटतं. 'बोलणारे चांगले, गप्प बसणारे वाईट' असं सरळ खातं त्यांनी मांडलेलं नाही. चुपमधला मुद्रा नावाचा योद्धा हातांच्या खुणांनी बोलतो, आपल्या सावलीबरोबर नाचल्यासारखा लढतो, आणि तो सज्जन निघतो. हारूनच्या लक्षात येतं, की शांततेलाही तिचं एक सौंदर्य असतं. त्या रात्री ओम दोन्ही हातांनी मुद्राच्या खुणा करत होता आणि बाबा त्याचा अर्थ लावत होते. मला इतकी वर्षं वाटत होतं, की बाबा माझ्यावर रुसून गप्प झाले. तो अबोला नव्हता. ते मला अभ्यासाला जागा देत होते. फक्त जागा परत घ्यायची कशी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आता ज्यांना हे घरी करायचंय त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

एक, आठ-नऊ वर्षांच्या आतलं मूल असेल तर थांबा. पहिलं प्रकरण उदास आहे. पण ते गाळू नका. तेच गाळलं तर पुढच्या साहसाला कारणच उरत नाही.

दोन, एका वेळी एकच प्रकरण. आम्हाला पाऊण तास तरी लागायचा. आई अकरा वाजता गेली म्हणून हारूनचं लक्ष अकरा मिनिटांच्या वर कशावरच टिकत नाही, असं पुस्तकात आहे. आपलं तर दोन मिनिटांवर आलंय. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मोठ्यांचेसुद्धा. मुख्यतः मोठ्यांचेच.

तीन, इंग्रजीतल्या कोट्या मराठीत आणताना दमछाक होते. जलजिन इफ आणि यांत्रिक पक्षी बट्ट, या जोडीत 'जर' आणि 'पण' लपलेत. नाही जमलं तर सोडून द्या. समजावत बसलात तर गोष्ट मेली. चुकीचं भाषांतर चालतं, थांबलेली गाडी चालत नाही.

चार, भांडा. ताईचं म्हणणं, सोरया का गेली ते तिच्या तोंडून कुणी नीट ऐकूनच घेत नाही, नवरा जन्मभर ढगात आणि घर तिच्या डोक्यावर. मला तिचं पटलं. राजकन्या बातचीतच्या नाकाची आणि गाण्याची टिंगलही नंतर नंतर जास्त होते. पुस्तक आवडलं म्हणून त्यातलं सगळं आवडायला हवं असं नाही. गुपवाले काय करतात? वाद घालतात.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की तो गोड आहे, आणि लेखक स्वतःच त्या गोडपणाला चिमटा काढतो. ते वाचून ओमनं "हे चीटिंग आहे" असा निकाल दिला आणि नंतर पाच मिनिटं हसत होता. दाजींना व्हिडिओ कॉलवर अख्खी गोष्ट त्यानं स्वतः सांगितली. माझ्यापेक्षा बरी. दोन पात्रं त्यानं पदरची घातली होती.

बारावा शनिवार. पुस्तक मिटलं. ओम म्हणाला, "दुसरं?" दुसरं आहे, म्हणालो, 'लुका अँड द फायर ऑफ लाइफ', रश्दींनी २०१० मध्ये धाकट्या मुलासाठी लिहिलेलं. पण ते अजून आणलेलं नाही. पोराचं तोंड उतरलं. दिवा घालवायला ताई उठली.

बाबांनी घसा साफ केला. "आमच्या मुक्कामी गाडीत एक म्हातारा यायचा," ते म्हणाले.

ताई होती तिथंच उभी राहिली.

"खरी गोष्ट आहे, आजोबा?" ओमनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, थट्टेनंही नाही. "मामाला विचार," म्हणाले.

दहा-अकरा वर्षं मी हे वाक्य शोधत होतो. शेवटी सापडलं ते साधंच निघालं.

"खरी नाहीये," मी म्हणालो. "पण त्या म्हाताऱ्याचं तिकीट पुढच्या स्टॉपचं आहे. बाबा, गाडी काढा."

आणि टेबलावर दोनदा टकटक केलं.